गुडघ्यावरची पाण्याची पिशवी: आपले अनुभव लिहावेत

काल चवथीच्या तयारीत देवघराची जमीन पुसायला गुडघे टेकले आणि २०१६ सालचे दुखणे आठवले. त्या वर्षी चार दिवस सलग गुडघ्यांवर बसून फरशी घासल्यावर उजव्या वाटीवर लिंबाएवढी मऊ सूज आली. बोटाने दाबली की आतले पाणी सरकत असे. सांधा झिजला असे धरून सासूबाईंनी रोज तेल चोळले आणि सूज आणखीच वाढली. अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघा वाकवून पाहिला, तो पूर्ण वाकला, तेव्हा त्यांनी समजावले की बिघाड सांध्यात नसून वाटी आणि त्वचा यांच्यामध्ये असणाऱ्या, घर्षण टाळणाऱ्या बर्सा नावाच्या चपट्या पिशवीत आहे. चोळणे बंद, दिवसातून तीनदा पंधरा मिनिटे कापडात गुंडाळलेला बर्फ आणि गुडघे मुळीच टेकायचे नाहीत, एवढाच उपचार होता. सहा आठवडे लागले. मधे मी दोनदा गुडघे टेकले, हे डॉक्टरांना अद्याप ठाऊक नाही.

म्हापशाचा गोलरक्षक: माझे कोपर होते. कडक मैदानावर झेप घेताना खरचटले, टोकावर सूज आली, तिसऱ्या दिवशी ती लाल व गरम झाली आणि ताप चढला. जवळच्या दवाखान्यात केवळ वेदनाशामक मिळाले होते. पुढच्या डॉक्टरांनी सुईने द्रव काढून तपासायला पाठवला, त्यात जंतू सापडले आणि प्रतिजैविके घ्यावी लागली. लाली आणि ताप असेल तर बर्फावर विसंबून राहू नका.

फोंड्याहून: ताप नसताना द्रव काढून घेतला तर लवकर सुटका होते का? माझे यजमान सुईला घाबरतात, त्यामुळे उत्तर नकारार्थी असल्यास घरात आनंदच होईल.

म्हापशाचा गोलरक्षक: संसर्गाची शंका नसेल तर डॉक्टर बहुधा वाट पाहतात, कारण दाब चालू राहिला तर द्रव पुन्हा साचतो आणि सुईच्या वाटेने जंतू आत जाण्याचा धोकाही असतो. यजमानांना माझ्यातर्फे शुभेच्छा.

डिचोलीचा फरशीवाला: आमच्या धंद्यात हे दुखणे घरचेच. दोनदा सूज आल्यावर मी जाड गादीची गुडघेपट्टी बांधू लागलो, पण तिचा पट्टा घामाने सैल होऊन ती दुपारपर्यंत पोटरीवर उतरते आणि पुन्हा उघडाच गुडघा फरशीला लागतो. न घसरणारी पट्टी कोणाला ठाऊक असल्यास कृपया लिहावे.