मदत हवी आहे: शॉर्टस्टॉप (बेसबॉलमधली क्षेत्ररक्षणाची एक जागा आणि तिथला खेळाडू) मराठीत कसा समजावू?

मंडळी, जॉर्ज राइटवर छोटा लेख लिहितोय. 1869 च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जचा, म्हणजे उघडपणे पगार देणाऱ्या पहिल्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप. पगार 1400 डॉलर, कर्णधार असलेल्या थोरल्या भावापेक्षाही जास्त! वडील न्यूयॉर्कमध्ये व्यावसायिक क्रिकेटपटू, त्यामुळे आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. पुढे बॉस्टनच्या संघात, मग 1879 मध्ये प्रॉव्हिडन्सच्या संघात खेळाडू-व्यवस्थापक म्हणून विजेतेपद.

अडलंय एका जागी. शॉर्टस्टॉपने दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धाव काढताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधोमध, हातमोज्याशिवाय, सणसणत येणारा चेंडू उचलून थेट पहिल्या बेसकडे फेकायचा. याला 'पॉइंट'सारखा म्हणावं का? मला ते ओढूनताणून वाटतं. बेसबॉल खेळलेलं कुणी आहे का इथे? तुम्ही कसं सांगाल?