महिन्यातून एकदाच रिबूट मिळतो, तिसऱ्या आठवड्यात सर्व्हर जड होतो

सांगली_सर्व्हर:
नमस्कार मंडळी, पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो, उबंटू २२.०४, ४ जीबी रॅम, वर वेबसाठी एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम, डेटाबेसला मायएसक्यूएल. रिबूट फक्त दुसऱ्या रविवारी, बाकी दिवस काउंटर आणि पिग्मीचं कलेक्शन चालू असतं. रिबूटनंतर पंधरा दिवस मस्त पळतं, मग पासबुक छापायला घेतलं तरी पान उघडायला वेळ लागतो, रॅम बघायला फ्री -एम मारलं की फ्रीच्या रकान्यात जेमतेम १५० एमबी दिसतात आणि डिस्कचं तर कळतच नाहीये, डीएफ (पूर्ण डिस्कचा हिशोब) म्हणतंय ९१ टक्के भरली पण डीयूने (फायलींची बेरीज) मोजलं तर त्याच्या निम्मं पण भरत नाही. साहेब म्हणतात रोज रात्री रिबूटचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) टाक. टाकू का?

काळा_टर्मिनल:
नका टाकू, गळती (लीक, म्हणजे प्रोग्राम घेतलेली मेमरी परत देत नाही) कुठेय ते कधीच कळणार नाही. आणि फ्रीचा रकाना बघून घाबरू नका, मोकळी रॅम लिनक्स फायलींच्या कॅशला वापरतं आणि गरज पडली की सोडतं, बघायचा तो अव्हेलेबलचा रकाना. तोच दिवसेंदिवस उतरत असेल तर मात्र लीक आहे. पीएचपी-एफपीएमच्या पूल फाइलमध्ये पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स बघा, डिफॉल्ट ० असतं म्हणजे कितीही रिक्वेस्ट झाल्या तरी वर्कर (पानं बनवणारी प्रोसेस) त्यासाठी बदलला जात नाही, एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये लीक असेल तर फुगतच जातो. तिथं ५०० टाका, तेवढ्या रिक्वेस्ट झाल्या की तो वर्कर जाऊन नवा येतो, काउंटरवर कुणाला पत्ता पण लागत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) आउट ऑफ मेमरी पण शोधा, मेमरी संपल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एखादी प्रोसेस मारत असेल तर तिथं दिसेल.

लॉगवाला:
डीएफ आणि डीयू जुळत नाही म्हणजे बहुतेक डिलीट झालेली फाइल कुठल्यातरी प्रोसेसने उघडी धरलीय, नाव गेलं तरी प्रोसेस सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. सुडो एलएसओएफ +एल१ मारा, डिलीट होऊनही उघड्या असलेल्या फायली दिसतील, आणि साइझचा रकाना बघा.

सांगली_सर्व्हर:
सापडलं!! एसएमएस पाठवणारी जावा सर्व्हिस आहे तिचा जुना लॉग, पुढे डिलीटेड लिहिलेलं आणि साइझ अवाढव्य. फक्त तेवढी सर्व्हिस रिस्टार्ट केली, डीएफ लगेच खाली आलं. पण पुढच्या महिन्यात परत होणार ना?

लॉगवाला:
होणार, लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप हटवणारा प्रोग्राम) फाइल बाजूला करतो पण जावा जुनीच धरून बसते. त्या सर्व्हिसच्या लॉगरोटेटमध्ये कॉपीट्रंकेट टाका, म्हणजे लॉगची कॉपी काढून तीच फाइल रिकामी केली जाते, अधूनमधून दोनचार ओळी हरवू शकतात पण तुमच्याकडे चालेल. जर्नलला (सिस्टिमचा स्वतःचा लॉग) पण सिस्टिममॅक्सयूज ५००एम देऊन ठेवा, म्हणजे तो त्यापुढे वाढणार नाही.

नाशिक_ऑप्स:
वरचं सगळं बरोबर, पण रविवारचा रिबूट बंद करू नका हं. कर्नलचा अपडेट उतरला तरी रिबूटपर्यंत जुनाच कर्नल चालतो, व्हार/रनमध्ये रिबूट-रिक्वायर्ड फाइल दिसली की समजायचं. शिवाय काही चुका चालू राहिलेल्या दिवसांवरच बाहेर येतात, २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतुकीची नियामक संस्था) बोईंग ७८७ विमानासाठी आदेश काढला होता, सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमधला काउंटर ओव्हरफ्लो होत होता, म्हणून तेवढ्याआधी वीज बंद करून चालू करायला सांगितलं. साहेबांना सांगा, रोज नको पण महिन्याचा हवाच. आणि त्या रविवारी रिबूटच्या आधी आणि नंतर सिस्टिमसीटीएल --फेल्ड मारून बंद पडलेल्या सर्व्हिसेस बघा, म्हणजे सोमवारी काउंटर उघडल्यावर धावपळ नको.