अ‍ॅनॉनिमस फंक्शन, कोड रेफरन्स: मराठीत काय म्हणता?

दादरकर:
ऑफिसात पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या जुन्या स्क्रिप्टा गळ्यात पडल्यात, त्या नवीन पोरांना मराठीतून समजावतोय (मराठी म्हणजे काय, निम्मं इंग्रजीच). एकजण 'बेनामी फंक्शन' म्हणाला आणि सगळे फुटले, मुंबईत बेनामी म्हटलं की फ्लॅटच आठवतो. 'अनामिक' चालेल का? आणि रेफरन्सला 'संदर्भ'?

मुलुंडकर:
अनामिक हुरहूर वगैरे कवितेत ठीक. सरळ 'निनावी' म्हणा, निनावी पत्र, निनावी फोन, कोणालाही कळतं. 'संदर्भ' अजिबात नको, पोरं पुस्तकाच्या शेवटची यादी शोधतील. मी 'पत्ता' म्हणतो. 'सब' (sub, पर्लमध्ये फंक्शन सुरू करायचा शब्द) लिहून नाव न देता थेट महिरपी कंस उघडला की फंक्शन तयार होतं आणि हातात येतो त्याचा पत्ता, तो डॉलरवाल्या व्हेरिएबलमध्ये टाकून ठेवायचा आणि हवं तेव्हा बाण-कंस लावून फंक्शन चालवायचं. चाळीत नाव माहीत नसलं तरी दुसरा मजला खोली १४ म्हटलं की माणूस सापडतो, तसं.

दादरकर:
निनावी पटलं. पण 'पत्ता' म्हटलं की सी भाषेवाले त्यात बेरीज करायला जातात ना.

मुलुंडकर:
हो, ते आहे. पर्लमध्ये रेफरन्समध्ये १ मिळवला की नुसता आकडा उरतो, रेफरन्सपण गेलं.

ठाणेकर:
नावापेक्षा क्रियापदं सांभाळा. फंक्शन 'देणं' वेगळं, 'चालवणं' वेगळं. नाव असलेलं फंक्शन द्यायचं तर आधी उलटा स्लॅश आणि अँपरसँड, मग नाव, बस्स. सवयीने पुढे कंस टाकला की ते तिथल्या तिथे चालतं आणि रेफरन्स मिळतो त्याच्या उत्तराचा, मग एरर भलत्याच ओळीवर. आणि रेफरन्स आले पर्ल ५ मध्ये, १९९४ ला, त्यामुळे त्याआधीच्या वळणाच्या स्क्रिप्टांत फंक्शनचं नाव स्ट्रिंग म्हणून फिरवलेलं दिसेल, स्ट्रिक्ट (पर्लची कडक तपासणी) लावलं की ते बोंबलतं. तिथे एक हॅश (जोड्यांची यादी) करा, डावीकडे कमांडचं नाव, उजवीकडे निनावी सब. इफ-एल्सची मारुतीची शेपटी गायब.

दादरकर:
मस्त, ती शेपटी आहेच आमच्याकडे. मग निनावी फंक्शन फायनल, रेफरन्सला रेफरन्सच ठेवतो. आता क्लोजरला, म्हणजे बाहेरची व्हेरिएबल्स लक्षात ठेवणाऱ्या फंक्शनला, काय म्हणू? कृपया 'संवरण' सुचवू नका.