मदत हवी आहे : ॲप लोक डाउनलोड करतात, पण आठवड्याभरात गायब होतात

मंडळी, फावल्या वेळात एकट्यानेच एक छोटं ॲप केलंय. कुंडीतल्या झाडांना पाणी कधी घालायचं याची आठवण करून देणारं. सध्या फक्त अँड्रॉइडवर.

मध्यंतरी जाहिरातीवर पैसे घातले. डाउनलोडचा आलेख वर चढला, मी खूश. पैसे संपले तसा आलेखही बसला. नंतर फायरबेसमध्ये (ॲपचा वापर मोजणारी गूगलची सेवा) दर आठवड्याला आलेल्यांचा वेगवेगळा गट करून पाहिला, तर जाहिरातीच्या आठवड्यातलं जवळपास कोणीच उरलं नव्हतं. एकूण आकडा बघत होतो तोवर सगळं छानच दिसत होतं.

परवा एका मैत्रिणीच्या हातात फोन दिला आणि मागे गुपचूप उभा राहिलो. ॲप उघडताच नोटिफिकेशनची परवानगी विचारणारी चौकट आली. तिने न वाचताच 'नको' दाबलं. (आठवण करून देणाऱ्या ॲपला आठवण करायचीच मनाई!) मग ईमेल, पासवर्ड. मग झाडाचा फॉर्म : नाव, जात, कुंडीचा आकार, मातीचा प्रकार, ऊन किती, शेवटचं पाणी कधी. मातीपाशी ती अडली. "मला काय माहीत कसली माती?" म्हणाली आणि फोन परत दिला. अजून एकही झाड नोंदवलं गेलं नव्हतं.

परवानगी नंतर मागितली तर चालेल का? आणि रोज उघडणाऱ्यांचा आकडा फारच कमी आहे, तो वाढवायला सलग दिवस मोजणारी साखळी टाकू का?

प्रतिसाद १
पहिलं झाड नोंदवून होईपर्यंत परवानगीचं नावच काढू नका. मग आधी स्वतःच्या स्क्रीनवर विचारा, "गुरुवारी तुळशीला पाणी घालायची आठवण करू?" 'हो' आलं तरच सिस्टिमची चौकट दाखवा. अँड्रॉइड १३ पासून दोनदा नकार मिळाला की ती चौकट पुन्हा येतच नाही, म्हणून उगाच वाया घालवू नका. खातं उघडायला तर अगदी शेवटी सांगा.

प्रतिसाद २
साखळी नको हो. झाडाला चार दिवसांनी पाणी लागत असेल तर माणसाने रोज ॲप उघडून करायचं काय? साखळीपायी झाडं कुजतील. आठवड्यात किती जणांनी 'पाणी घातलं' दाबलं ते मोजा.

आणि प्ले कन्सोलमधले (प्ले स्टोअरचं ॲप बनवणाऱ्यांसाठीचं पान) व्हायटल्स, म्हणजे ॲपच्या तब्येतीचे आकडे, पाहिलेत का? वापरताना ॲप बंद पडल्याचं प्रमाण १.०९ टक्क्यांच्या किंवा गोठल्याचं ०.४७ टक्क्यांच्या वर गेलं, तर स्टोअरमध्ये ॲप मागे ढकललं जाऊ शकतं. शिवाय अँड्रॉइड १४ वर नव्याने घेतलेल्या ॲपला अचूक वेळेच्या अलार्मची परवानगी सहसा आपोआप मिळत नाही. तुम्ही तो वापरत असाल तर 'हो' म्हणालेल्यांनाही आठवण येत नसेल. पाण्याला मिनिटाचा हिशेब कशाला? वर्कमॅनेजर (साधारण वेळेला काम उरकणारी अँड्रॉइडची सोय) पुरे.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. अलार्मचंच निघालं, माझ्या जुन्या फोनवर सगळं वाजत होतं म्हणून कळलंच नाही. मातीचा प्रकार आजच उडवला, फॉर्ममध्ये फक्त नाव आणि शेवटचं पाणी ठेवलंय. नवी आवृत्ती आधी २० टक्के लोकांनाच सोडतोय.

आधीच दोनदा 'नको' म्हणून बसलेल्यांना सेटिंग्जपर्यंत कसं न्यायचं, हे मात्र सुटलेलं नाही. कोणी केलंय का?