मुलावर हात उचलला जातो, रात्री झोप नाही. काय करू?

सत्तरीची आई (जून २०२१)
आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे राहतो. २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा नवऱ्याने ट्रक विकला आणि कळंगुटला हॉटेलात ड्रायव्हर म्हणून लागला. आता तेही बंद, दिवसभर पडवीत गप्प बसून असतो. मे महिन्यात थोरले दीर कोविडने गेले. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

घरात रेंज नाही. मोबाइल एक, मुलं दोन. थोरली आठवीत, धाकटा तिसरीत. माळावर काजूखाली छत्री धरून मी दोघांचे वर्ग करून घेते. सोमवारी धाकट्याच्या हातून वही चिखलात पडली आणि मी त्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला. तो रडला नाही. शर्टाला वही पुसत म्हणाला, "आई, अक्षरं दिसतात अजून."

रात्री दोनला जाग येते. शेजारणीचा ऑक्सिमीटर आणलाय, तो झोपलेल्या मुलांच्या बोटांना लावते. ९८ दिसतं, तरी परत लावते. माझं डोकं फिरलंय का?

माशेलची मावशी
नाही गं बाय. माझी सून गेल्या वर्षी अशीच झाली होती. आधी लेकराला जवळ घे आणि "माझं चुकलं" म्हण. आणि नवऱ्याला पडवीतून उठव. एकाचा वर्ग त्याने घ्यायचा, तू तेवढा वेळ आडवी हो. झोप लागली नाही तरी चालेल.

पेडण्याचा बाबा
मावशींचं पटतं, पण "उठव" म्हटलं की आम्ही जास्तच गप्प होतो. माझं काम गेलं तेव्हा बायकोसमोर ताटावर बसायची लाज वाटायची. भाऊ गेलाय त्यांचा. आधी भावाबद्दल विचारा, वर्गाचं मग सांगा.

फोंड्याची नर्स
ताई, दुःख आहेच, पण झोप जाणं, पुन्हा पुन्हा तपासत राहणं, राग न आवरणं हे आठवडेच्या आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. यावर औषध आहे. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी इस्पितळात, ओपीडी असते. लोक 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणतात म्हणून कितीतरी बाया उशिरा येतात, त्याचं फार वाईट वाटतं. तिथे दाखवायला गेलं म्हणजे भरती करतात असं नाही. जाणं जमेपर्यंत केंद्र सरकारच्या 'किरण' हेल्पलाइनवर बोला, मराठीतही बोलतात. जीव नकोसा वाटला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी या.

सत्तरीची आई (ऑगस्ट २०२४)
तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं. भावाचं विचारलं त्या रात्री हे पहिल्यांदा रडले. मग बांबोळीला दोघंही गेलो. मला काही महिने गोळ्या होत्या, त्यांचं नुसत्या बोलण्यानेच बरंच हलकं झालं. आता १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. शेजारच्या एका बाळंतिणीला मीच लावून दिला.

धाकटा सहावीत आहे. ती वही मी ठेवली आहे, तीन पानं मातकटच राहिली. ऑक्सिमीटर त्या वर्षी गणेश चवथीच्या आदल्या दिवशी शेजारणीला परत केला.