बाळ ९० मिलीच पितंय? आधी लंगोट बघ

दोन महिन्यांचं बाळ एका वेळी ९० मिलीच पितं म्हणून घाबरलीयस, पण अगं दिवसभराचं बघ ना, डब्याचं दूध असेल तर साधारण किलोमागे १५० मिली, म्हणजे ५ किलोच्या बाळाला ७५० च्या आसपास, तेही ८ वेळा पिऊन होतंच की. अंगावर पीत असेल तर मिली विसरच, मागेल तेव्हा पाज. २४ तासांत ६ तरी लंगोट ओले आणि वजन वाढतंय, मग पुरतंय त्याला. बाटली संपवायची जबरदस्ती अजिबात नको, तोंड फिरवलं की थांबायचं. आणि मुंबईचा उकाडा कितीही असो, सासूबाई म्हणाल्या तरी ६ महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको प्लीज, दुधातून मिळतं ते. शू कमी झाली किंवा बाळ मलूल वाटलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे ने.