शब्दचर्चा: 'औषधजन्य लिगँड' म्हणावं का?

प्रश्न: एका मासिकासाठी लेख लिहितेय. सल्फा औषधांपासून लिगँड (धातूच्या आयनाला धरून ठेवणारा रेणू) बनवून त्यांची तांबं, कोबाल्ट, झिंकबरोबर कॉम्प्लेक्स (धातू नि लिगँड जोडून झालेली संयुगं) करतात आणि ती जंतूंवर चालतात का बघतात, असा विषय आहे. शीर्षक दिलंय 'औषधजन्य लिगँडची धातू-संकुले व त्यांची जंतुनाशक क्षमता'. बरं वाटतंय का?

— 'औषधजन्य' आधी काढा. जन्य म्हटलं की जलजन्य, कीटकजन्य आजारच आठवतात, औषधजन्य म्हणजे गोळी न मानवल्यामुळे उठलेलं पित्त वाटतं. सरळ 'औषधापासून बनवलेला लिगँड' लिहा, लांबलं तर लांबू दे. आणि संकुल म्हणजे आमच्याकडे क्रीडा संकुल हो, एमएस्सीला सगळे कॉम्प्लेक्सच म्हणायचे.

— 'बनवलेला' पण सगळीकडे चालणार नाही. भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम घ्या, सिल्व्हर सल्फाडायझिन, १ टक्क्याचं. चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये पुढे आणलं. त्यात सल्फाडायझिनच्या नायट्रोजननी चांदीचा आयन धरलेला असतो, म्हणजे औषध हाच लिगँड. तुमच्या लेखात बहुतेक शिफ बेस (अमाईन नि ॲल्डिहाइड जोडून होणारं संयुग) असणार, म्हणजे सल्फा औषध नि सॅलिसिलाल्डिहाइड इथेनॉलमध्ये रिफ्लक्सला लावायचं (वाफ थंड करून परत आत पाडत उकळायचं), पिवळा-केशरी साका पडला की गाळून धुवायचा आणि मग त्यात कॉपर ॲसिटेट वगैरे धातूचा क्षार घालायचा. तिथे 'औषधापासून बनवलेला' बरोबर. बाकी टेट्रासायक्लिनबरोबर दूध नको म्हणतात तेही हेच, दुधातलं कॅल्शियम औषधाला पोटातच पकडतं आणि मग ते नीट शोषलंच जात नाही.

— माझा आक्षेप 'जंतुनाशक'वर आहे. अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर जंतू पसरून खड्डे पाडतात, त्यात डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं कॉम्प्लेक्स घालतात आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवतीचं स्वच्छ वलय मोजतात. त्यावरून वाढ थांबली एवढंच कळतं, मेले की नाही ते कळत नाही, त्यासाठी जंतू परत ताज्या अगारवर लावून उगवतात का बघावं लागतं. आणि सल्फा औषधं तर मुळात रोखणारीच, जंतूंचं फोलिक ॲसिड बनवण्याचं काम अडवतात. म्हणून 'जंतुरोधक'. वलय मोठं म्हणजे कॉम्प्लेक्स भारी असंही लिहू नका, जे कमी विरघळतं ते अगारमध्ये पसरतच नाही, वलय लहानच येणार. नुसत्या कॉपर ॲसिटेटची प्लेट लावली होती का तेही विचारून घ्या, नाहीतर तांब्याचं श्रेय लिगँडला जायचं.

— 'प्रतिजैविक' पण नको, तो शब्द अँटिबायोटिकला रुळलाय आणि सल्फा तर कारखान्यात बनवलेली रसायनं.

प्रश्नकर्ती: मग 'सल्फा औषधांपासून बनवलेल्या लिगँडची धातू-कॉम्प्लेक्स आणि त्यांची जंतुरोधक चाचणी'. अनेकवचन 'कॉम्प्लेक्सेस' करू का?

— नको, ते कॉम्प्लेक्स, ती कॉम्प्लेक्स. घर-घरं सारखं 'कॉम्प्लेक्सं' मात्र कुणी लिहिलेलं पाहिलं नाही.